वाघाचं माप सारसाला लागत नाही

गोंदिया जिल्ह्यात वाघ आहे आणि सारसही आहे. नवेगाव आणि नागझिऱ्याचं जंगल २०१३च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प झालं. ते गोंदियात आणि शेजारच्या भंडाऱ्यात पसरलेलं आहे. त्याच्या उत्तरेला, वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या काठाने, गोंदिया तालुक्यातल्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरांत, आणि परसवाडा, झिलमिली अशा तलावांवर महाराष्ट्रातले जवळजवळ सगळे सारस राहतात. भंडारा आणि चंद्रपूरकडे एखाददुसरा दिसतो, इतकंच. अलीकडच्या मोजण्यांत त्यांचा आकडा तीस ते चाळीसच्या मध्येच घुटमळतो आहे.

या दोन जिवांची तुलना निघते तेव्हा बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: यातला मोठा कोण, महत्त्वाचा कोण? वाघ राष्ट्रीय प्राणी आहे, अन्नसाखळीच्या टोकाला आहे, त्याच्यामुळे जंगल टिकतं. सारस हा एक पाणपक्षी, दिसायला देखणा. तिथे तुलना संपते आणि पैसा, माणसं, कायदा, बातम्या असं सगळं एका बाजूला जातं. मला ही तुलना वेगळ्या कामासाठी करावीशी वाटते. जगायला दोघांना काय लागतं आणि त्यांना मारतं काय, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. वाघासाठी आपण जी व्यवस्था पन्नास वर्षं खपून उभी केली, ती सारसाला वाचवू शकत नाही. ती सारसापर्यंत पोचली नाही ही अडचण आहेच, पण ती जशीच्या तशी पोचली तर कदाचित त्याचं नुकसानच होईल.

आधी वाघाचं पाहू. १९७३ साली एप्रिलच्या पहिल्या तारखेला देशातला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा नऊ राखीव क्षेत्रं होती आणि त्यात आपलं मेळघाट होतं. पुढे राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एकही वाघ उरला नसल्याचं २००५च्या सुमारास उघड झालं, देश हादरला आणि व्याघ्र संवर्धनाचं स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरण कायद्याने उभं राहिलं. मोजणीची पद्धत बदलली. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यातल्या छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखता येतो. उल्हास कारंत यांनी नागरहोळेत हे तंत्र रुजवलं आणि पुढे देशाने ते स्वीकारलं. २००६च्या गणनेत १,४११ वाघ निघाले होते, २०२२च्या गणनेत ३,६८२. महाराष्ट्रात २०१४ साली १९० होते, २०२२ साली ४४४. जगात इतक्या दाट वस्तीच्या देशाने इतक्या मोठ्या शिकारी प्राण्याला परत आणल्याची उदाहरणं शोधावी लागतील. या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण हे शक्य का झालं, त्यामागे वाघाचा स्वभावही आहे. वाघीण साधारण १०० ते १०५ दिवसांत विते. एका वेळी दोन, तीन, कधी चार पिल्लं. दीड-दोन वर्षांत ती वेगळी होतात आणि वाघीण पुन्हा माजावर येते. चितळ, सांबर, रानडुक्कर पुरेसे असले, पाणी असलं आणि शिकाऱ्याचा फास आड आला नाही, तर वाघ झपाट्याने वाढतो. त्याला अन्न हवं आणि माणसापासून मोकळी जागा हवी. म्हणून वाघाचं धोरण मुळात जागा मोकळी करण्याचं धोरण आहे: मधला गाभा रिकामा, भोवती बफर, गाभ्यातली गावं बाहेर, चराई बंद, वनरक्षकांची गस्त. ताडोबा आणि मेळघाटातल्या गावांनी त्याची किंमत मोजली. ब्रह्मपुरी-चंद्रपूर पट्ट्यात तेंदूपत्ता, मोहफुलं वेचायला जाणारी माणसं ती अजून मोजत आहेत. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर त्याच्या घरी राज्य सरकार आज २५ लाख रुपये देतं. या रकमेने गेलेलं माणूस येत नाही. पण निदान राज्याने मान्य केलं आहे की वाघ वाचवायचा निर्णय सगळ्यांचा आहे आणि त्याचा भार एकट्या गावावर टाकता येणार नाही. हे तत्त्व मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे सारसाच्या बाबतीत ते पुन्हा लागणार आहे.

आता सारस. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा जगात सर्वांत उंच. मान ताठ करून उभा राहिला तर मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर जातो. राखाडी अंग, डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक. जोडी जमली की वर्षानुवर्षं टिकते. नर-मादी मान उंचावून एका सुरात साद घालतात, ती लांबच्या गावात ऐकू जाते. हा पक्षी जंगलात राहत नाही. त्याला उथळ पाणी, चिखल, मोकळं आकाश आणि लांबवर दिसेल अशी सपाट जमीन लागते. पूर्व विदर्भात अशी जागा म्हणजे तलावाचा काठ आणि धानाची बांधी, आणि या दोन्ही माणसाने केलेल्या आहेत.

पावसाळा लागला, रोवणी म्हणजे धानाची लावणी झाली, बांधीत पाणी उभं राहिलं की जोडी घरट्याच्या मागे लागते. लव्हाळा, गवत, धानाची रोपं उपटून पाण्यातच मोठा ढीग रचते. त्यावर बहुतेक वेळा दोन अंडी. महिनाभर दोघंही आळीपाळीने उबवतात. चारशे वर्षांपूर्वी बादशहा जहांगीरने पाळलेल्या सारसांच्या एका जोडीची अंडी घालण्यापासून पिल्लं निघेपर्यंतची टिपणं बारकाईने लिहून ठेवली आहेत. त्या जोडीला त्याने लैला आणि मजनू अशी नावं दिली होती. हाच बादशहा वाघ-सिंहांच्या शिकारीत रमायचा. एकाच माणसाने एका प्राण्याकडे बंदुकीतून पाहावं आणि दुसऱ्याच्या घरट्याशी तासन् तास बसावं, याचं मला अजून नवल वाटतं.

पिल्लं अंड्यातून बाहेर येतात ती लगेच चालू लागतात आणि पुढचे कित्येक महिने आईबापाच्या मागे असतात. कुत्री, कोल्हे, कावळे, अंडी उचलणारी पोरं आणि अचानक वाढलेलं पाणी यातून वाचून बहुतेक जोड्यांचं वर्षाला एकच पिल्लू हाती लागतं, कित्येकदा एकही नाही. ते पिल्लू मोठं होऊन स्वतः जोडी करायला आणखी काही वर्षं जातात. वाघाची संख्या एका दशकात दुप्पट होऊ शकते, महाराष्ट्राने ते करून दाखवलं. सारसाच्या संख्येला तसा वेग निसर्गानेच दिलेला नाही. तो दीर्घायुषी आणि सावकाश वाढणारा पक्षी आहे, म्हणून मोठं झालेलं एक सारस मेलं तर ती जागा भरायला अनेक पावसाळे लागतात. चाळिसातली तीन मोठी सारसं एका वर्षात गेली तर ती भरून निघेपर्यंत आणखी दोन जातात. मृत्यू थोडे आहेत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि सारसाच्या बाबतीत हे थोडे मृत्यूच सगळा हिशेब बिघडवतात.

आणि हे मृत्यू होतात कशाने? बंदुकीने फारसे नाहीत. सारसाच्या पंखांचा पसारा सात-आठ फुटांचा असतो. जड अंगाचा पक्षी, पटकन वळू शकत नाही. शेतातून जाणाऱ्या विजेच्या तारांजवळून उडताना त्याचे पंख एकाच वेळी दोन तारांना टेकतात आणि तो जागेवर मरतो, किंवा तारेवर आदळून खाली पडतो. दुसरं कारण विष. गादमाशी, खोडकिडा, तुडतुडे यांच्यासाठी धानात औषधं पडतात. थिमेटसारखी दाणेदार औषधं बंदी येईपर्यंत सर्रास टाकली जात. सारस त्याच चिखलात किडे, गोगलगायी, बेडूक, कंद आणि धान्याचे दाणे टिपत असतो. तिसरं कारण जागेचं: तलाव खोल झाले, काठ वळवले गेले, बेशरम नावाच्या तणाने भरले, किंवा उन्हाळ्यात तळी आटल्यावर ज्या नदीपात्रात सारस उतरतात तिथे रेतीचे ट्रॅक्टर आले.

ही सगळी कारणं एकत्र ठेवून पाहा. यातल्या एकाही गोष्टीवर वनखात्याचा थेट अधिकार चालत नाही. तारा महावितरणच्या आहेत, औषधं कृषी खात्याच्या सल्ल्याने आणि कृषी केंद्राच्या दुकानातून येतात, तलाव जिल्हा परिषदेचे किंवा पाटबंधारे खात्याचे आहेत, रेती महसुलाची आहे आणि बांधी शेतकऱ्याची आहे. वाघाच्या शत्रूला वनरक्षक पकडू शकतो. सारसाच्या शत्रूला पकडायला वनरक्षकाकडे काठी आहे, अधिकार नाही.

इथे व्याघ्रप्रेमी मित्र एक मुद्दा मांडतात आणि तो हलका नाही. ते म्हणतात, वाघ ही छत्री आहे. वाघासाठी जंगल राखलं की त्याखाली हजारो जीव आपोआप राखले जातात. झरे राहतात, ओढे राहतात, नागझिऱ्याच्या टेकड्यांवर पडलेलं पाणी खालच्या तलावांत येतं. हे खरं आहे. गव्यापासून रानकुत्र्यापर्यंत आणि धनेशापासून कासवापर्यंत कितीतरी प्राणी या छत्रीखाली आहेत. पण छत्री जंगलाच्या कडेपर्यंतच आहे. नवेगाव-नागझिऱ्याचा गाभा साधारण ६५६ चौरस किलोमीटर आहे, आणि सारसांची घरटी त्या हद्दीबाहेर, गोंदिया तालुक्याच्या उघड्या शेतांत होतात. ज्या पाणपक्ष्याचं घर शेत आहे, त्याच्यापर्यंत जंगलाची छत्री कशी पोचेल? हा वाघाचा दोष नाही. एकाच छत्रीवर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या विचारातली ही उणीव आहे.

मग पाणथळ जागांचा कायदा आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. केंद्र सरकारचे पाणथळ जागा संवर्धनाचे नियम २०१७ साली आले. त्यात पाणथळ म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि व्याख्येतून काय वगळलं याचीही यादी आहे. त्या यादीत नदीचं पात्र आहे, भातशेती आहे आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव आहेत. म्हणजे गोंदियाचा सारस पावसाळ्यात जिथे घरटं करतो, हिवाळ्यात जिथे चरतो आणि उन्हाळ्यात जिथे पाणी शोधतो, त्या तिन्ही जागा या नियमांच्या बाहेर आहेत. वगळण्यामागची भीती मला कळते: शेतकऱ्याला स्वतःच्या बांधीत नांगर घालायला परवानगी मागावी लागू नये. ती भीती रास्त आहे. पण भातशेतीला बंधनातून वगळताना काळजीतूनही वगळलं गेलं, ही मोठी चूक आहे.

यावर अनेक जण लगेच सुचवतात की सारसासाठी अभयारण्य करा. मी याच्या पूर्ण विरोधात आहे, आणि त्याचं कारण महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. माळढोक वाचवायला १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. करमाळा, माढा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदा हे तालुके त्यात अडकले. माळढोक हा माळरानाचा आणि कोरडवाहू शेताचा पक्षी. ज्वारीच्या रानात, गुरं चरून गेलेल्या गवतात राहणारा. त्याच्यासाठी जंगलाचा कायदा शेतीवर लावला गेला. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडथळे आले, बांधकामं अडली, आणि जो शेतकरी पिढ्यान् पिढ्या त्या पक्ष्याला पाहत आला होता त्याला तो पक्षी नकोसा झाला. पुढे २०१२च्या सुमारास अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर माळढोक हातच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. एवढं मोठं क्षेत्र कागदावर राखून पक्षी राहिला नाही. गवताळ माळांचं काय झालं, ऊस आणि द्राक्ष किती आली, तारा किती ओढल्या गेल्या, हे सगळं त्या ऱ्हासात आहेच. पण लोकांचं मन उठलं याची भरपाई कुठल्याच योजनेने झाली नाही.

सारसाच्या बाबतीत हेच पुन्हा झालं तर तीस-चाळीस पक्ष्यांच्या वाट्याला दुसरी संधी येणार नाही. उद्या परसवाड्याच्या आसपासची शेतं अभयारण्यात घातली आणि शेतकऱ्याने वैतागून धान सोडून दुसरं काही लावलं, किंवा प्लॉट पाडून विकले, तर सारस जाईल कुठे? वाघाच्या गाभ्यातून माणूस उठला तर वाघाचं भलं होतं. सारसाच्या शिवारातून धानवाला शेतकरी उठला तर सारसही उठला. दोन प्राण्यांतला खरा फरक मला इथे दिसतो, आणि धोरणकर्त्यांनी बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी एवढं ठेवावं.

या भागातल्या तलावांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सारसाची गोष्ट तिथूनच सुरू होते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडे हजारो तलाव बांधले. ब्रिटिश अमदानीत ते मालगुजारांकडे आले, १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. लोकांच्या तोंडी ते मामा तलाव झाले. ज्यांनी बांधले, राखले, त्यांच्या हातून मालकी गेली आणि देखभालही गेली. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, खचली, गाळ साचला, काठ अतिक्रमणात गेला. ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था या तलावांत मासेमारी करतात, शेतकरी पाणी घेतात, पाणी ओसरलं की गाळपेरीत पीक निघतं. असा तलाव एकसारखा खोल नसतो. पाळीजवळ तो खोल असतो आणि वरच्या बाजूला पसरट, गुडघाभर पाण्याचा. त्या उथळ भागात देवधान हा रानटी भात येतो, कमळ येतं, लव्हाळा येतो. सारस तिथेच चरतो, पिल्लं तिथेच लपतात, आणि अनेक देशी माशांचीही वीण त्याच वनस्पतींच्या आधाराने होते.

आता गाळ काढायची योजना आली की जेसीबी लागतं आणि कंत्राटदाराला घनमीटर मोजून पैसे मिळतात. त्याला सगळ्यात सोपं काय? उथळ, कोरडा झालेला काठच खणणं. पाणी जास्त साठेल म्हणून गाव खूश असतं, आकडा भरतो म्हणून अधिकारी खूश असतो. पण तलाव कढईऐवजी विहिरीसारखा झाला की उथळ पाणी संपलं, देवधान संपलं, आणि सारसाची चरण्याची जागा संपली. भंडारा-गोंदियात काही गावांतल्या ढिवर बायका आणि स्थानिक अभ्यासक यांनी मिळून बेशरम उपटून देशी वनस्पती पुन्हा लावण्याचं काम केलं आहे. तिथे मासेही वाढले आणि पक्षीही परतले. माझं म्हणणं साधं आहे. गाळ जरूर काढा, पण पाळीच्या बाजूचा काढा, वरचा उथळ पट्टा राखा, आणि कुठे खणायचं हे ठरवताना त्या तलावात रोज उतरणाऱ्या मच्छीमाराला विचारा. याला जास्तीचा पैसा लागत नाही, निविदेतली दोन वाक्यं बदलावी लागतात.

आपलं लक्ष कुठे जातं याचंही एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे. नागझिऱ्यात जन्मलेला जय नावाचा वाघ २०१३ साली शेतं, रस्ते आणि वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला. तिथे तो मोठा झाला, प्रसिद्ध झाला आणि २०१६ साली बेपत्ता झाला. त्याचा शोध घेण्यासाठी मोठी मोहीम निघाली, देशभरच्या वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या. हे योग्यच होतं. जयच्या त्या प्रवासाने वाघालाही जंगलाबाहेरची जमीन लागते हे सिद्ध केलं. ज्या शिवारातून तो रात्रीच्या रात्री चालत गेला ते शिवार धानाचंच होतं. वाघ ते ओलांडून जातो, सारस तिथे संसार करतो. पण तारेला चिकटून मेलेल्या सारसाची बातमी जिल्हा पानाच्या पलीकडे क्वचित जाते, आणि ती तार कोणत्या महिन्यात बदलली हे विचारायला कोणी परत येत नाही.

सुदैवाने काही जण येत राहिले. गोंदियातली सेवा ही संस्था, शेतकरी, सारस मित्र म्हणून काम करणारे गावोगावचे तरुण आणि वनखातं मिळून दरवर्षी पहाटेपासून शिवारात उभं राहून सारस मोजतात. सारसाच्या अंगावर ओळखायला पट्टे नाहीत, त्यामुळे एकाच वेळी अनेक ठिकाणी माणसं उभी करून मोजावं लागतं. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, आणि त्यानंतर संवर्धन समित्या, आराखडे, विजेच्या तारा यांचा विषय सरकारी टेबलावर आला. न्यायालयाला हे करावं लागलं याचा अर्थ इतर कुठलीही यंत्रणा आपणहून करत नव्हती. वाघासाठी प्राधिकरण आहे, प्रत्येक प्रकल्पाचं प्रतिष्ठान आहे, प्रवेशशुल्काचा पैसा त्यात जातो आणि बफरमधल्या गावांसाठी जन-वन विकास योजना आहे. सारसाच्या गावाला यातलं काही लागू होत नाही, कारण ते गाव कुठल्याच बफरमध्ये नाही.

म्हणून माझी मागणी पैशाच्या बाबतीतही अगदी ठोस आहे. तीस-चाळीस सारस म्हणजे जास्तीत जास्त वीस जोड्या. त्यातल्या सगळ्या दरवर्षी घरटी करतही नाहीत. ज्याच्या बांधीत घरटं झालं त्या शेतकऱ्याला, तिथे औषध न मारण्यासाठी, पाणी न तोडण्यासाठी आणि पिल्लं चालती होईपर्यंत राखण करण्यासाठी ५० हजार रुपये द्या. वीस घरट्यांचे दहा लाख झाले. जिल्ह्यातल्या एखाद्या लहानशा रस्त्याच्या डांबरीकरणाला याहून जास्त लागतात. घरट्याने धानाचं जे नुकसान होतं ते काही वाफ्यांपुरतं असतं, पण ते कितीही लहान असलं तरी त्या शेतकऱ्याने एकट्याने का सोसावं? वाघाच्या बाबतीत जे तत्त्व मान्य केलं तेच इथे लागू करायचं आहे. हे पैसे नुकसानभरपाई म्हणून देऊ नयेत. भरपाई मागायला पंचनामा लागतो, तलाठी लागतो, चकरा लागतात. हा राखणीचा मोबदला असावा, अंडी दिसल्यावर निम्मा आणि पिल्लू बाहेर पडल्यावर निम्मा, आणि नैसर्गिक कारणाने अंडी गेली तरी पहिला हप्ता परत घेऊ नये.

काही जण विचारतील, उत्तर प्रदेशात सारस राज्यपक्षी आहे आणि तिथल्या सरकारी मोजणीत १९ हजारांहून अधिक सारस निघतात, मग गोंदियातल्या चाळिसांसाठी एवढा जीव का टाकायचा? याच न्यायाने मध्य प्रदेशात आणि कर्नाटकात भरपूर वाघ आहेत म्हणून ताडोबा सोडून द्या असं कोणी म्हणत नाही. आणि उत्तर प्रदेशातून शिकण्यासारखं वेगळंच आहे. तिथले सारस कुठल्या मोठ्या अभयारण्यामुळे टिकलेले नाहीत. इटावा, मैनपुरीच्या बाजूला भातशेतं, लहान तळी आणि सारसाला त्रास न देणारा शेतकरी या तीन गोष्टी एकत्र राहिल्या म्हणून ते टिकले. गुजरातेत खेडा जिल्ह्यातही गावांतले लोकच घरटी राखतात. धान पिकवणाऱ्या मुलखात सारस राहू शकतो याचा इतका मोठा पुरावा समोर असताना आपण महाराष्ट्रातले शेवटचे सारस हातचे घालवले, तर त्याला कुठलीही सबब पुरणार नाही.

शिवाय गोंदियाचे सारस एकट्या गोंदियाचे नाहीत. वैनगंगा आणि बाघ यांच्या पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट आहे, तिथेही सारस आहेत आणि पक्षी नदी ओलांडून ये-जा करतात. वाघांचे मार्ग राज्यांच्या हद्दी ओलांडतात म्हणून पेंच दोन्ही राज्यांनी सांभाळला. तसाच दोन जिल्ह्यांचा एक आराखडा सारसासाठी हवा: एकत्र मोजणी, एकत्र रेतीबंदीचे टापू, तारांची एकत्र यादी. या यादीबद्दल मी आग्रही आहे, कारण या सगळ्यात सर्वांत लवकर होण्यासारखं काम तेच आहे. सारस रात्री कुठे थांबतात, सकाळी कुठल्या वाटेने उडतात हे सारस मित्रांना पाठ आहे. त्या वाटांवरचे खांब मोजके आहेत. तिथल्या तारांवर आवरण चढवणं, दोन तारांतलं अंतर वाढवणं, लांबून दिसतील अशा चकत्या लावणं आणि शक्य तिथे तार जमिनीखालून नेणं, यातलं काहीही नवं तंत्रज्ञान नाही.

हे सगळं ठरवायची बैठक वनभवनात घेऊन भागणार नाही. ती जिल्हाधिकाऱ्यांनी बोलवावी, आणि तिथे महावितरणचा अभियंता, जिल्हा परिषदेचा लघुसिंचन अधिकारी, कृषी अधिकारी, खनिकर्म अधिकारी, ढिवर संस्थेचे अध्यक्ष, घरटी होतात त्या बांध्यांचे शेतकरी आणि बालाघाटचे त्यांचे जोडीदार बसावेत. जुलैत रोवणी सुरू झाली की शेतात खांबापर्यंत गाडी जात नाही आणि घरट्याजवळ माणसांची वर्दळही चालत नाही. तारांचं काम त्यामुळे मेअखेर संपायला हवं, आणि शेतकऱ्यांशी करार पऱ्हे टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी बी पेरायच्या, आधी व्हायला हवेत.